वरातीच्या घोडीला मुसकं

श्रावणातल्या एका सकाळी आमची घोडी खुंट्यापासून हललीच नाही. बाबांनी दोर ओढला, चुचकारलं, मानेवर थोपटलं, तरी नाही. पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळं वजन मागं ढकलून ती उभी होती, कुणी तापलेल्या तव्यावर उभं केल्यासारखी. मी खाली बसून तिच्या खुराला हात लावला. खूर गरम होता.

मोरिवलीत कारखान्याच्या भिंतीला लागून आमचं घर होतं. बाबा आधी टांगा चालवायचे, अंबरनाथ स्टेशनपासून कारखान्यांपर्यंत. मग रिक्षा आल्या आणि टांगा बसला. घोडी लहानखुरी, रंगाने पांढरट, स्वभावाने गरीब, म्हणून उल्हासनगरच्या एका सिंधी बँडवाल्याने तिला वरातीसाठी धरली. लग्नं असली की काम, नसली की दिवसभर उभी. काम सुटलं, खाणं मात्र टांग्याच्या वेळचंच राहिलं. भिंतीलगत हिरवंगार गवत, वर चणे, वर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पुण्य म्हणून घातलेल्या चपात्या. तिच्या पाठीला चरबीने मधोमध पन्हळ पडली होती, पावसाचं पाणी साचेल अशी. बाबांना त्याचा कोण अभिमान! दुसऱ्यांच्या घोड्यांच्या बरगड्या बघून ते त्यांच्या मालकांची लायकी ठरवायचे.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरात, आमच्या भावकीत, कॉलेजचं तोंड बघणारी पहिली मीच. हे मी मिरवूनच सांगते, मिरवण्यासारखं आहे म्हणून. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मीच गेले आणि डॉक्टरांना घरी घेऊन आले.

डॉक्टरांनी खूर दाबले, मानेवरचा चरबीचा कडक वळ चिमटीत धरला आणि म्हणाले, "उपासमारीने मेलेली जनावरं मी रोज बघतो. ही लाडाने मरेल."

"म्हणजे?" बाबा म्हणाले.

"म्हणजे हिचं वजन उतरवा. दाणा बंद, गूळ बंद, चपात्या बंद. पाय निवले की चालती ठेवा, पण गवतावर मोकळं तोंड सोडू नका, मुसकं बांधा. खाली रुपयाएवढं भोक ठेवा. पाणी पिता येईल, गवताची चार-दोन पाती आत येतील. एवढंच. आत्ता निभावेल. पुन्हा असं झालं तर खुरातलं हाड खाली बसेल, मग ती उभी राहणार नाही. तेव्हा मला बोलावलंत तर माझ्याकडे एकच इंजेक्शन असेल."

डॉक्टर गेले. बाबा बराच वेळ बिडी न पेटवता नुसती बोटात फिरवत बसले.

मुसकं आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. मळणीला बैलांच्या तोंडाला बांधतात ती जाळी. पण ते तासाभराचं काम. दिवसभर, हिरव्या गवतात उभं करून तोंड बांधायचं, हे बाबांच्या डोक्यात शिरेना.

"लोक काय म्हणतील? घोडीवाल्याकडे चारायला नाही म्हणून तोंड बांधलं म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला सोपं आहे. तू कॉलेजात जातेस. मी तिच्याबरोबर रस्त्याने जातो."

पहिलं मुसकं मी सुतळीचं विणलं. ते तिने दोन दिवसांत कुरतडून खाल्लं. दुसऱ्याच्या बुडाला कारखान्याच्या भंगारातला रबरी पट्ट्याचा तुकडा लावला आणि मधे भोक पाडलं. ते टिकलं. ती ते बाभळीच्या बुंध्यावर घासायची, जमिनीवर आपटायची, मग दमून तसंच गवतावर टेकवून उभी राहायची. भोकातून एखादं पातं आत गेलं की कान टवकारायची. मला बघवत नव्हतं. तरी मी पुस्तक घेऊन धोंड्यावर बसून राहायचे, कारण उठले की कुणीतरी येऊन ते सोडायचं.

आणि सगळेच सोडायचे. विहाराकडून येणाऱ्या बायका थांबायच्या.

"काय गं, मुक्या जनावराला कैद केलीस? कॉलेजात हेच शिकवतात का?"

"मावशी, तिला खायला घालू नका. पाय जातील तिचे."

"बघ गं बाई. उद्या सासूलाही बांधशील." सगळ्या खो खो हसायच्या, आणि हसता हसता एकीचा हात पदराखालच्या भाकरीकडे जायचा.

थदडीच्या, म्हणजे सिंध्यांच्या शिळं खायच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी तर उल्हासनगर कॅम्पातल्या दोन बायका शिळे गोड लोले घेऊन खास तिच्यासाठी चालत आल्या. जाड रोट, तुपाचे, गुळाचे. मी हात जोडले. त्यांना वाटलं मी पाया पडतेय. एकीने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरीने तेवढ्यात मुसकं उतरवून लोला तिच्या तोंडात दिला. मी अक्षरशः तिच्या जबड्यात हात घालून तो बाहेर काढला. बायका माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मी कुणा पोराच्या तोंडचा घास काढला.

घरातही तेच. आई पाणी दाखवायला जायची आणि परत येताना पदर झटकायची. मी विचारलं तर म्हणायची, "मी काही नाही दिलं. ती माझ्याकडे बघते, मी काय करू?"

तरी दिवाळीपर्यंत खूर निवले, मानेवरचा वळ थोडा सैल झाला, घोडी नीट चालायला लागली. मला वाटलं, आपण जिंकलो. मग लग्नसराईच्या तोंडावर बँडवाला शेठ बुकिंग ठरवायला घरी आला. घोडीपाशीच थबकला.

"अड़े साईं, ये क्या? मुँह क्यों बांधा है? काटती है क्या?"

"नहीं शेठ, वो तो..." बाबांना पुढे सांगता येईना. जाडी आहे म्हणून खाणं तोडलंय, हे घोडेवाल्याने कुठल्या तोंडाने सांगायचं?

"डॉक्टरने बोला है," मी म्हणाले. "खाना कम करना है."

शेठ हसला. "घोड़ी डायटिंग करती है? बेटी, दूल्हे को काटेगी तो मेरा बँड कौन बुलाएगा?"

तो काही न ठरवता गेला. आठवडाभरात सगळ्या कॅम्पात झालं की मोरिवलीची घोडी चावरी आहे. ज्या घोडीने जन्मात कुणावर दात काढला नाही, ती चावरी! दुसऱ्या घोड्यांना वरातींच्या सुपाऱ्या गेल्या, आम्हाला एकही येईना. बाबांनी एक दिवस मुसकं काढून भिंतीपलीकडे फेकलं. मी भिंतीला वळसा घालून ते उचलून आणलं आणि परत बांधलं. ते काढायचे, मी बांधायचे. तोंड बांधलं तर काम जाणार, मोकळं ठेवलं तर पाय जाणार. बाबा मला एकदाच म्हणाले, "तू बरोबर आहेस, मला कळतंय. पण बरोबर असून चूल पेटत नाही."

मार्गशीर्षात शेवटी एक वरात मिळाली. दुसरी घोडी ऐनवेळी लंगडली म्हणून शेठला आमची आठवण झाली. ही नीट पार पडली तर बाकीच्या मिळतील, असं त्याने स्पष्ट सांगितलं. मी हट्टाने बरोबर गेले, कारण पुढे काय येणार ते मला ठाऊक होतं. नवरा घोडीवर बसला की त्याच्या बहिणी, आत्या, माम्या घोडीला भिजवलेली चणाडाळ आणि गूळ खाऊ घालतात. शकुन. आमच्या घरात शकुन-अपशकुन कधीच बंद झाले होते, पण आमचं पोट लोकांच्या शकुनावर चालायचं.

चारचं ऊन होतं. मुसकं घरी ठेवलेलं, घोडीला जरीची झूल, बाबांना लाल फेटा. नवरा चढला, बँड वाजला, आणि बायकांचा घोळका ताटं घेऊन पुढे आला. एक नाही, पाच-सहा ताटं, काठोकाठ डाळ, वर गुळाचे खडे. घोडीने वास घेतला आणि मान लांब केली. मी पुढे झाले. "माँजी, थोडासा ही..."

"हट, शगुन है," नवऱ्याची आई म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते मान फिरवून घोडीला खाऊ देतील. त्यांना दुसरं करता येण्यासारखं काही दिसत नव्हतं. बाबांनी लगाम आखूड धरून घोडीचं तोंड आपल्या खांद्यामागे घेतलं आणि दुसरा हात ताटापुढे पसरला.

"माईजी, घोडी का शगुन घोडीवाला खाएगा. हमारे में ऐसाच है."

बायकांना आधी कळलंच नाही. मग एकीने हसून त्यांच्या तळहातावर डाळ ठेवली. बाबांनी ती तोंडात टाकली. कच्ची, भिजलेली. चावून गिळली आणि हात परत पसरला. दुसरी आली, तिसरी आली. बँडवाले वाजवायचे थांबून बघायला लागले. "अबे घोड़ीवाला चर रहा है," कुणीतरी ओरडलं. एकाने त्यांच्या फेट्यावरून हात फिरवला, घोडीला थोपटतात तसा. हशा उसळला. दुसऱ्याच्या घोड्याच्या बरगड्या बघून नाक मुरडणारे माझे बाबा, भर रस्त्यात, घास गिळत उभे होते. डोळ्यांत पाणी होतं, ठसक्याचं असेल. मागे घोडी त्यांच्या पाठीवर तोंड घासत होती.

नवऱ्याची आई मात्र हसली नाही. तिने आपलं ताट तसंच परत नेलं. वरात संपल्यावर शेठ बाबांना बाजूला घेऊन म्हणाला, "साईं, तूने दूल्हे का शगुन खा लिया. अब तुझे कौन बुलाएगा?"

बाबा म्हणाले, "नका बोलवू."

अंबरनाथच्या रस्त्याने आम्ही परत निघालो. बाबा पुढे, दोर खांद्यावर. मी मागे. झूल काढून शेठच्या दुकानात दिली होती, त्यामुळे घोडी एकदम छोटी दिसत होती. पुढच्या आठवड्यात बाबा कारखान्यात माल उतरवायच्या कामाला लागणार होते, पण ते तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच कळत होतं की घोडीवर पोट भरायचं आता संपलं, आणि घोडी अजून आहे.

बाबा वळून बघत नव्हते.

"पाय कसा टाकतेय?" त्यांनी पुढूनच विचारलं.

"नीट टाकतेय."

"पुढचा उजवा?"

"तोही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"नाही सांगत. नीट टाकतेय, बाबा."

ते थांबले, रस्त्याच्या कडेला वाकले आणि खोकून खोकून डाळ ओकले. मी दोर हातात घेतला. घोडी गवताकडे वळली. मी तिचं तोंड वर ओढून धरलं, बाबांचं होईपर्यंत.