तिवरं कुणाची?

कळव्याच्या खाडीकाठी माझी आत्या एकटीच राहायची. ओहोटी लागली की चिखलात उतरून तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांतून चिंबोऱ्या-खेकडे काढणं, हा तिचा धंदा. जळणासाठी तिवरं तोडायला कुणी कोयता घेऊन आलं, की ती असं काही तोंड सोडायची की माणूस कोयता विसरून पळे. "सुकली फांदी ने, ओल्याला हात लावू नको," एवढंच तिचं कायद्याचं पुस्तक.

तिवरांपर्यंत जायला तिला स्वतःची होडी नव्हती. शेजाऱ्याची मागायची, तर तो उठेपर्यंत पाणी उतरून जायचं. मग कंबरभर चिखलातून चालत जायची. गुडघे गेले होते.

नव्वद सालच्या आसपास एक संस्था गावात आली. ज्यांनी तिवरं राखली, त्यांना बक्षीस म्हणून नवी होडी देणार होती. अख्खं गाव म्हणालं, होडी हिचीच. फॉर्म भरायला मी बसले. मी तेव्हा कॉलेजात, म्हणजे शहाणपणाचा अर्क. रकाना आला: झाडांचा मालक कोण?

आत्या हसली. "तिवरां कोनाची आसतीन, बाय? खारीची."

मी शुद्ध मराठीत लिहिलं, 'खाडीची'. वर अक्षराचं कौतुकही करून घेतलं.

होडी गेली दुसऱ्याला. त्याच्या बांधाला जेमतेम चार तिवरं होती, पण सातबारा त्याच्या नावावर होता. मी रडत आत्याकडे गेले. "आते, माझी आहेत म्हणायचं होतंस गं!"

ती पायाचा चिखल धूत होती. "माजी बोलले आसते, तं तोरायचा हक्क बी माजाच झाला आसता."

त्यानंतरही ती राखतच राहिली, आणि शेवटपर्यंत चिखलातून चालतच गेली. ती गेल्यावर काही वर्षांतच तिथे भराव पडला. आता डोंबिवलीत माझ्या घरी चिंबोऱ्या बाजारातून येतात. कालवण करते, पण तिच्या हातची चव येत नाही. तिची फार आठवण येते.

तो फॉर्म पुन्हा हातात यावा, असं अजून वाटतं. होडीत बसलेली आत्या मला एकदा तरी बघायची होती. पण त्या रकान्यात आज काय लिहीन, ते मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.