गाणं चालूच हाये
जवस भाजल्याचा वास आला की मला आमच्या हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या घरातला माझा जुना कॉम्प्युटर आठवतो. ऑपरेटिंग सिस्टिममधला नेटवर्क सांभाळणारा भाग आम्ही दोस्तांनी तिच्या गाभ्यातून सुटा केला होता; कॉम्प्युटर बंद न करता तो काढता-घालता यावा, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. एका दुपारी मी हिंगोलीत मित्राच्या दुकानात बसून नेटवरूनच घरच्या कॉम्प्युटरवर काम करत होतो. चाचणी म्हणून तो भाग काढला आणि पडदा जागीच थिजला. ज्या रस्त्यानं मी आत शिरलो होतो, तोच उखडून बसलो होतो! घरी फोन लावला. वहिनी त्याच कॉम्प्युटरवर साठवलेली गाणी लावून चटणीसाठी जवस भाजत होत्या. "काहून घाबरून राहिले भाऊजी? बंद करून चालू करू का?" "न्हाई वहिनी, बंद तेवढा करू नका!" काढलेला भाग परत बसवायच्या कमांडचं एकेक अक्षर मी सांगत गेलो, त्या शोधून शोधून दाबत गेल्या. शेवटी त्यांनी एंटर दाबलं आणि इकडे माझ्या पडद्यावर ओळी पुन्हा धावू लागल्या. मी आनंदानं ओरडलोच. त्या म्हणाल्या, "इथं तर काहीच न्हाई झालं. गाणं बराबर चालूच हाये." आज तो भाग कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरांवर चालतो, पण त्याची याहून मोठी तारीफ मी अजून ऐकलेली नाही.