ढग वाजले की खाली

ऐंशीच्या दशकात मी मुलुंडच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. तिथे नव्या इमारतीचं काम चालू होतं. उघड्या स्लॅबवर बायका घमेली वाहायच्या. त्यांची मुकादम एक मालवणी बाई होती. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलतानाही तिची नजर आभाळाकडे असायची.

ऑक्टोबरात दुपारनंतर येऊरच्या डोंगरावर ढग गडगडायचे. पहिल्याच आवाजाला ती टाळ्या वाजवून सगळ्यांना खाली उतरवायची आणि आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यातून आत आणून बसवायची. झाडाखाली कोणाला थांबू द्यायची नाही.

एकदा बांधकामाचा सुपरवायझर चिडला. "अजून थेंब नाही पडला. एवढी काय घाबरतेस गं?"

"भित्री म्हणा, चालात," ती म्हणाली. "सांजेक माझी सगळी माणसां घराक गेली की झाला."

त्या दिवशी वीज पडलीच नाही. ढग ठाण्याकडे सरकले, काम मागे पडलं, कारखान्यातले गडी हसले. तीही हसली आणि पदर खोचून पुन्हा वर चढली. भीती इतक्या सहज कबूल करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गडगडलं. ती काही बोलायच्या आत सुपरवायझरच ओरडला, "ए, बघताय काय? उतरा सगळे!"