निरभ्र आकाशाखाली बंद घुमट

टेकडीवरच्या मोठ्या दुर्बिणीचे ते चालक; परंतु घुमट उघडण्याचे बटण त्यांच्याच हाती असल्यामुळे सारे त्यांना किल्लेदार म्हणत. हवेतील आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर घुमट उघडायचा नाही, हा नियम त्यांनी उभ्या नोकरीत मोडला नव्हता. नवखे असताना दव बसून डागाळलेला दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

त्या संध्याकाळी संशोधक मुलगी त्यांच्यामागे हात धुऊन लागली. ती अभ्यासत असलेल्या दोन दीर्घिका एकमेकींच्या इतक्या जवळून गेल्या होत्या, की त्या ओढाताणीत वायूचे लांबलचक शेपूट बाहेर फेकले गेले होते आणि त्यात निळे, कोवळे तारे चमकत होते. ते मूळ घरातून ओढून आणलेले, की त्या पसाऱ्यातच जन्मलेले, हे ठरवायला आणखी एका संध्याकाळचा प्रकाश हवा होता. उद्यापासून दीर्घिका सूर्याच्या उजेडात बुडणार. पुन्हा दिसतील, तोवर तिच्या प्रबंधाची मुदत संपलेली असणार.

"काका, वर बघा तरी! ढगाचा ठिपका नाही."

"ढग नाहीत गं, हवाच ओली आहे. माझा चष्मा दोनदा पुसला."

"मग त्यालाही कुलूप लावा!"

किल्लेदार हसले, ती हसली नाही.

"पाचच मिनिटं. कोणाला कळणार आहे?"

"आरशाला कळेल, बाळ."

तिने आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावून तो किल्लेदारांच्या हाती दिला. "नियम तुम्हीच जाणता, मी काय सांगणार?" म्हणून सरांनी अंग काढून घेतले.

दोघे आर्द्रतेच्या आकड्यापुढे बसून राहिले. ब्याण्णव. एक्याण्णव. पुन्हा ब्याण्णव. किल्लेदारांनी आतले सगळे पंखे लावले, जणू बाहेरची हवा त्यांना वचकून वाळणार होती. दीर्घिका पश्चिमेच्या डोंगराआड गेल्या.

थोड्याच वेळात वारा फिरला. पंच्याऐंशी. यादीत पुढचा तारा दुसऱ्याच कोणा संशोधकाचा होता.

"उघडू?" त्यांनी गुन्हेगारासारखे विचारले.

"उघडा की. त्यांची वेळ कशाला वाया घालवता?"

घुमट करकरत सरकला. तिने परक्या ताऱ्याचे स्थान वाचायला घेतले. दुसऱ्याच आकड्यावर तिचा आवाज चिरकला आणि आकडा अर्धवट राहिला. तो पुन्हा विचारण्याचे धैर्य किल्लेदारांना झाले नाही. कळफलकावर बोटे टेकवून ते नुसते थांबून राहिले.