खिडकीखाली बोलणाऱ्या सिस्टर

माझ्या धाकट्या भावाकडे येणाऱ्या नर्सबाईंइतकी भांडखोर बाई नाशिक जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर दोघींना एका गावात ठेवू नये. आम्ही त्यांना सिस्टर म्हणायचो. नव्वदच्या दशकात एका ट्रस्टने डॉक्टर, सोशल वर्कर आणि सिस्टर अशी टोळी जमवली होती. मनाचा मोठा आजार असलेल्या माणसाला हॉस्पिटलात डांबायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं, हा त्यांचा बाणा. माझा भाऊ स्किझोफ्रेनियाने वर्षभर भिंतीकडे तोंड करून बसला होता, म्हणून ते आमच्या सिडकोतल्या घरी येऊ लागले. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "हा जेवत नाही, बोलत नाही." सिस्टर भावाकडे वळल्या. "काय हो, ह्या कोणाबद्दल बोलतायत? तुमच्या ओळखीचा आहे का?" त्याच्यादेखत त्याच्याबद्दल परस्पर बोलायला सगळ्यांना बंदी. डॉक्टरांनाही सोडलं नाही. "डॉक्टर, हे बरे झाले नाहीत, नुसते पेंगतायत," असं त्यांनी ओट्यावर चार शेजारी ऐकत असताना सुनावलं, आणि डॉक्टर बिचारे तिथेच औषधांची चिठ्ठी बदलायला बसले.

दर बुधवारी त्या भावाला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात न्यायच्या आणि जगातली सगळ्यात टाकाऊ भाजी उचलायच्या. अशाच एका बुधवारी भावाने तोंड उघडलं. "सिस्टर, गवार जून आहे." मुद्दाम घेता का, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "ताई, मी हॉस्टेलच्या मेसवर वाढलेली. मला काय कळतंय त्यातलं?" खरं-खोटं मला अजून उमगलेलं नाही.

मग भाचीला, थोरल्या भावाच्या मुलीला, बघायला वणीजवळच्या एका गावातले पाहुणे यायचे ठरले. आमच्या थोरल्याने, म्हणजे दादाने, फर्मान काढलं: धाकट्याला तेवढे दिवस नामपूरला मामाकडे धाडायचं. माझं डोकंच फिरलं. जो माणूस आत्ता कुठे स्वतःची दाढी स्वतः करायला लागला, त्याला फुटक्या खुर्चीसारखं नजरेआड करायचं? मी भांडले आणि हरले, म्हणून सिस्टरना फोन केला. पाहुण्यांच्या आधी सिस्टरच दारात हजर.

"दादा, चोरीचा माल आहे का लपवायला?"

"मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे, सिस्टर."

"आणि ह्यांच्या घराचा नाही? आज नामपूर, पुढच्या पाहुण्यांना महिनाभर, मग कायमचंच." मग भावाला विचारलं, "तुम्हाला जायचंय?"

"नाही," भाऊ म्हणाला. विषय संपला.

पाहुणे बसले. भाऊ बशा घेऊन बाहेर आला तसं मुलाच्या आईने विचारलं, "हे कोण?" भावाने एका दमात सांगून टाकलं, "मी मुलीचा काका. मला स्किझोफ्रेनिया आहे. पोहे घ्या." दादा पोह्यांपेक्षा पिवळा पडला. पाहुण्यांनी मात्र दोनदा मागून खाल्ले. निघताना मुलाच्या आईने सिस्टरना नळापाशी गाठलं. "बाई, आमच्याकडं येता का? माझा दीर हाय. मागच्या खोलीत ठेवलाय. लय हुशार होता वो." सिस्टरनी पत्ता घेतला. आठवड्याने निरोप आला: घरात वेड आहे, मुलगी नको. आपल्या मागच्या खोलीला कडी घालून आमच्या घराला नावं ठेवणारी माणसं! माझा संताप अजून उतरलेला नाही.

सिस्टर मात्र सुट्टीच्या दिवशी सीबीएसवरून एसटी धरून तिकडे गेल्या. त्याच बाईने दार अर्धं उघडून सांगितलं, "आमच्याकडं असं कोणी नाय." पुढे डॉक्टर गेले, त्यांनाही हेच उत्तर. मी असते तर तिथेच तोंडसुख घेऊन परतले असते. सिस्टर घराच्या मागे गेल्या आणि बंद खिडकीखाली उभं राहून मोठमोठ्याने बोलू लागल्या: द्राक्षांचा भाव, रस्त्यातले खड्डे, आपल्या सुनेच्या तक्रारी. दर महिन्याला.

"लोक मलाच वेडी म्हणतात. म्हणू देत," त्या सांगायच्या. "आतल्या माणसाला कळलं पाहिजे, आपल्यासाठी कोणीतरी आलं होतं."

"काही उत्तर?" मी विचारलं.

"एकदा खिडकी आतून ढकलली त्याने. बाहेरून खिळे मारलेत, ताई."

पेशंट आता हॉस्पिटलात जातच नाहीत, मग टीम हवी कशाला, असा अजब हिशेब करून ट्रस्टने काम बंद केलं. सिस्टर तरी जात राहिल्या, गुडघे चालले तोवर. मागच्या वर्षी त्या वारल्या. भाचीचं लग्न झालं, तिचं बरं चाललंय. भाऊ आमच्याच घरी आहे. जेवता जेवता कधी मधेच विचारतो, "ताई, त्या खिडकीखाली आता कोण बोलत असेल गं?"

मी म्हणते, "मला काय माहीत? जेव."