वस्तीच्या गाडीचं जेवण

मी गाव सोडलं त्या सकाळी वस्तीची गाडी माझ्यासाठी थांबली होती. जांबोटीच्या पुढं, रानात आमचं गाव. बेळगावहून संध्याकाळी आलेली सरकारी बस आमच्यातच मुक्काम करायची आणि सकाळी सहाला परत निघायची. आप्पा भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन मागून पळत आले. "बसप्पा, थांब की रं जरा! माझी लेक बेंगळुरूला सरकार चालवायचं शिकाय निघालीया!" सगळी गाडी माझ्याकडं बघून हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसप्पामामा कंडक्टर. त्यांचं आणि ड्रायव्हरचं रात्रीचं जेवण गावात पाळीपाळीनं असायचं. आई गेल्यापासून आमच्या पाळीला आप्पाच भाकऱ्या थापायचे. दोघांसाठी दोन ताटं वेगळी ठेवलेली. त्यांत आम्हाला जेवू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "सरकारनं गाडी दिलीया, भाकरी आपुन द्याची. न्हायतर गाडी का ऱ्हाईल हितं?"

बेंगळुरूच्या वर्गात सरांनी विचारलं, सरकार आणि लोकांच्या भागीदारीचं तुमच्याकडचं उदाहरण सांगा. मी टोलचा रस्ता सांगितला. भाकरी सांगायची लाज वाटली. काय ही अक्कल!

दुसऱ्या वर्षी सरकारी बस महामंडळाचा प्रोजेक्ट मिळाला. तोट्यातल्या मुक्कामी गाड्या कमी करायच्या आणि सकाळच्या फेऱ्या खाजगी जीपवाल्यांना द्यायच्या, त्याचा अहवाल. यादीत माझ्या गावाचं नाव होतं. हात थबकला, खोटं कशाला बोलू. पण आपलं गाव तेवढं वगळणं म्हणजे पक्षपात, असं मनाला बजावलं आणि नाव तसंच ठेवलं. सर म्हणाले, लीडरशिप म्हणतात ती हीच. ते ऐकून मी आठवडाभर हवेत होते. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

महामंडळानं अहवाल मानला आणि वस्तीची गाडी बंद झाली, दुपारची एक फेरी तेवढी राहिली. जीपवाल्यानं चार महिने गाडी चालवली आणि पावसाळ्यात यायचा बंद झाला. तोवर आप्पांच्या किडन्या बिघडल्या होत्या, आठवड्यातनं दोनदा बेळगावात डायलिसिस. सकाळी सहाची गाडी असती तर घरात राहून झालं असतं. सकाळची गाडीच नव्हती. म्हशी विकल्या, घराला कुलूप लावलं, आणि आप्पा बेळगावात टिळकवाडीला आक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या फ्लॅटवर आले. फोनवर एकच विचारायचे, "भाताची लागण झाली का गं गावात?" बेंगळुरूत बसून मला काय ठाऊक! झाली म्हणायची. एकदा म्हणाले, "तुझ्या शिक्षणात बसतंय का बघ, वस्तीची गाडी परत आणाय." मी म्हटलं, बघते. खरं काय ते सांगायचं धाडस झालं नाही. वर्षाच्या आत ते त्या फ्लॅटमध्येच गेले. चूल, गोठा, अंगण, काही पुन्हा बघितलं नाही त्यांनी.

तेराव्याला आम्ही गावचं घर उघडलं. बसप्पामामा आले होते, आता रिटायर झालेले. आप्पांनी वेगळ्या ठेवलेल्या त्या दोन ताटांतलं एक घेऊन मीच त्यांना वाढलं आणि वाढता वाढता रडू फुटलं. म्हटलं, "मामा, गाडी मीच बंद केली."

मामांनी घास ताटात ठेवला. त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "ठाऊक हाय, पोरी. डेपोत ते अहवालाचं पुस्तक आलतं, मागं तुझं नाव. मीच कौतुकानं आप्पाला दाखवलं. आत काय हाय, ते नंतर कळलं."

"आप्पा काय म्हणाले?"

"म्हणाले, लेकीनं लिवलंय म्हंजे इचार करूनच लिवलं असंल. तिला बोलू नको काय. लांब ऱ्हाती एकली, जीवाला लावून घेईल."

म्हणजे 'गाडी परत आणता येईल का' हे विचारताना त्यांना सगळं माहीत होतं. मला चूक निस्तरायला वाट करून देत होते, आणि मी 'बघते' म्हटलं!

गावात राहिलेल्यांनो, मला वाटेल ते बोला. आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, आपल्या गावाची भाकरी सांगायला लाजू नका, एवढंच म्हणेन. वस्तीची गाडी परत सुरू व्हावी म्हणून मी अर्ज केलेत, करतेय. ती दोन ताटं इथं माझ्या बेंगळुरूच्या स्वयंपाकघरात आहेत. त्यांत कोणी जेवत नाही.

ऑफिसात कोणी विचारतं, घर कुठं? मी सांगते, जांबोटीच्या पुढं. पुढचा प्रश्न येतो, बस जाते का तिथं?

जाते म्हणते मी. मुक्कामाला राहत नाही.