दारातल्या बेलाची कीड

माझ्या सासरी दारात बेलाचं झाड होतं, आणि घरात त्या झाडाला माझ्यापेक्षा जास्त मान होता. सोलापुरातल्या पेठेत घर, पुढं तंबाखूचं दुकान, मागं वखार. पेठेतल्या महादेवाच्या पहाटेच्या पूजेला पहिलं पान आमच्या दारचं जायचं. आजेसासऱ्यांपासूनचा मान. सासूबाई हे सांगायला बसल्या की समोरच्याचा चहा गार व्हायचा.

आषाढ लागला की त्या बेलावर कीड पडायची. ही अळी लहानपणी चिमणीच्या शिटेसारखी दिसते, म्हणून नजर चुकते. मोठी झाली की हिरवीगार, बोटाएवढी. धरायला जावं तर डोक्यातून दोन तांबडी शिंगं काढते आणि असला वास सोडते की बोटं दोनदा धुतली तरी जात नाही. बघता बघता डहाळी उघडी करून टाकते. आणि भोकाचं पान देवाला चालत नाही, तिन्ही दळं धड लागतात.

शहाणा माणूस काय करेल? चिरडेल. आमच्याकडं ते नव्हतं. "शंकराच्या झाडावरचा जीव हाय तो, मारायचा न्हाय," असा सासूबाईंचा दंडक. मग मी लुगडं खोचून भर रस्त्यावर शिडीला चढायची, एकेक अळी बोटांनी उचलून टोपलीत टाकायची आणि ती टोपली परसातल्या कागदी लिंबावर रिकामी करायची. लिंबाचं पान देवाला लागत नाही, तिथं खाऊ देत, असा हिशेब. बेलाच्या काट्यांनी हाताची चाळण व्हायची. मिल सुटली की खालून जाणारी माणसं वर बघून दात काढायची. एवढं करून खाली उतरावं, तर माझ्या हाताला किड्यांचा वास येतो म्हणून सासूबाई मला पिठाला शिवू द्यायच्या नाहीत, आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उरेल ते माझ्या ताटात. पुण्य त्यांचं, वास माझा!

श्रावणाच्या तोंडाला माझ्या माहेरहून, मंद्रूपहून, निरोप आला. जोंधळ्याची गाडी घेऊन पेठेत येणारा आमच्या गावचा गाडीवान सांगत आला, की माझी अव्वा अंथरुणाला खिळलीय आणि एकसारखं माझंच नाव घेतेय. माझी आई ती. मला तिच्याशिवाय माहेरी दुसरं कुणी नव्हतं.

मी सासूबाईंपुढं उभी राहिले. त्या कधी नाही म्हणायच्या नाहीत, तीच त्यांची खुबी. जा की, म्हणाल्या, झाड तेवढं साफ करून जा. श्रावणात देवाचं पान टाकून गेलीस तर तुझ्या आईला गुण येईल काय? नवरा शेजारीच होता. तो तराजूची दांडी पुसत बसला. त्या दांडीला तरी कणा होता!

मी इरेला पेटून कामाला लागले. एक फांदी साफ करावी तर दुसरीवर नवी कीड हजर. मग एकदा परसात गेले आणि बघतच राहिले. मीच सोडलेल्या अळ्यांचे लिंबाच्या काडीला कोष झाले होते, त्यातून काळीपिवळी फुलपाखरं निघत होती, आणि घरावरच्या माळवदावरून थेट पुढच्या बेलावर जाऊन कोवळ्या पानांवर मोहरीएवढी अंडी ठेवत होती. म्हणजे पुढची कीड आम्हीच मागं पोसत होतो. झाड साफ होणारच नव्हतं.

मी धावत जाऊन सांगितलं. सासूबाई हसल्या. माहेरची ओढ लागली की असलीच सोंगं सुचतात, म्हणाल्या, आणि संध्याकाळी आडावर बायकांना रंगवून सांगितलं. तेव्हापासून त्या सटव्या मला फुलपाखरांची आई म्हणायला लागल्या. दुसरा निरोप आला, तेव्हा मी शिडीवरच होते. झाड साफ झालं की येते म्हणून सांगून पाठवलं. दुसरं काय सांगणार?

तिसऱ्या वेळी गाडीवानानं पोती उतरवायच्या आधी डोक्याचा पटका काढून हातात घेतला. आदल्या दिवशी अव्वाला माती दिली होती. शेवटपर्यंत तोंड दाराकडं करून पडली होती म्हणे. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आपल्या लिंगायतांत सुतक न्हाय," त्या म्हणाल्या. "देवाचं काम थांबत न्हाय. चढ."

मी चढले. रडून डोळे भरले की अळी दिसत नाही, पान दिसत नाही, नुसतं हिरवं दिसतं. त्या दिवशी देवासाठी खुडलेल्या पानांच्या टोपलीत माझ्या हातून भोकाची पानं गेली.

सकाळी देवळातला गुरव ती टोपली परत घेऊन आला. सोमवारपासून समोरच्या अडत्याच्या दारचं पान घेऊ, असं त्यानं खाली मान घालून सांगितलं. सासूबाईंचं तोंड राखेसारखं झालं. मग उठल्या, स्वतः वखारीत गेल्या, तंबाखूचा चुरा घमेल्यात घेऊन आल्या, हंड्यात उकळला, त्यात साबण विरघळवला आणि हमालाच्या हातात रंगपंचमीची पिचकारी दिली. पुढचा बेल आणि मागचं लिंबू, दोन्ही झाडं तंबाखूच्या पाण्यानं न्हाऊन निघाली. दिवेलागणीच्या आत रस्त्यावर अळ्यांचा सडा पडला. तो मला झाडायला लावला.

हमाल भाबडा. श्रावणात हे चालतं काय, असं त्यानं विचारलं.

"न चालायला काय झालं?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या माहेरी पानमळ्यावर हेच मारत्यात. लहानपणापासनं बघत आलीय मी."

माझ्या हातात केरसुणी होती. केरसुणीच होती, हे त्या बाईचं नशीब.

सोमवारी देवाला पहिलं पान आमच्याच दारचं गेलं, धुऊन पुसून, धड तीन दळांचं. सासूबाई कमरेवर हात ठेवून झाडाखाली उभ्या होत्या. लई खुशीत होत्या.

"झालं बाई साफ," त्या मला म्हणाल्या. "जा आता माहेरी."

"आता कुणाकडं जाऊ?" मी विचारलं.

त्यांनी खरोखरच थोडा विचार केला.

"व्हय की," म्हणाल्या. "मग ऱ्हा. पानं खुडायला माणूस लागतंयच."